बुडीत

माझ्या बाळंतपणात आमच्या गावच्या आशाताईंचे २५० रुपये बुडाले. मला हे कळलं तेव्हा त्या बाळंतपणाला बरेच महिने होऊन गेले होते, आणि कळलं तेही त्यांच्या तोंडून नाही. शाळेच्या आरोग्य तपासणीची तारीख घ्यायला मी प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले होते. गटप्रवर्तक बाई आशांच्या मोबदल्याची पत्रकं तपासत बसल्या होत्या. मी सहज विचारलं, घरी येऊन बाळ तपासता त्याचे काय मिळतात? त्यांनी सांगितलं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचं. बाळाचं वजन कार्डावर चढलं पाहिजे, लसी टोचलेल्या पाहिजेत, जन्माची नोंद झालेली पाहिजे, आणि बेचाळिसाव्या दिवशी आई आणि बाळ दोघंही सुखरूप पाहिजेत. मग अडीचशे रुपये.

माझी मुलगी आठवडाभरही जगली नव्हती. आशाताई मात्र बेचाळिसाव्या दिवसापर्यंत येत होत्या.

मी तेव्हा धानोरा तालुक्यातल्या एका गावी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेवर होते. नवरा चंद्रपूरच्या औद्योगिक पट्ट्यात एका कारखान्यात, ठेकेदाराच्या हजेरीपटावर. शनिवारी रात्री यायचा, सोमवारी पहाटेच्या एसटीनं परत. पहिलटकरीण म्हणून बाळंतपणाला माहेरी जायचं ठरलं होतं. पण २०१५ च्या पावसाळ्यात, दिवस भरायला दोन महिने असताना, एका रात्री कळा सुरू झाल्या. आशाताईंनी १०२ ची गाडी बोलावली आणि माझ्यासोबत स्वतःही चढल्या. चातगावच्या जंगलात पाऊस असा कोसळत होता की ड्रायव्हर खिडकीतून डोकं बाहेर काढून रस्ता पाहत होता. शोधग्रामची पाटी मागे पडली तेव्हा आशाताई म्हणाल्या, "आता जवळच आहे जी, धीर धरा." जवळ नव्हतं, हे दोघींनाही माहीत होतं.

मुलगी झाली. वजन दीड किलोच्याही खाली. गडचिरोलीच्या दवाखान्यात नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात तिला ठेवलं. डॉक्टरांनी, सिस्टरांनी करायचं ते सगळं केलं. तिची फुप्फुसं तयार झाली नव्हती, एवढंच खरं. नवरा मूल, सावली, व्याहाड करत वैनगंगेच्या पुलावरून पोचला तेव्हा ती होती. त्यानं तिला पाहिलं, हे बरं झालं. बारसं झालेलं नव्हतं. मृत्यूच्या दाखल्यावर तिच्या नावाच्या रकान्यात माझं नाव आणि पुढे 'ची मुलगी' एवढंच आहे.

गावी आणून तिला माती दिली. रोवणीचे दिवस होते, बांध्यांमध्ये पाणी साचलेलं, आणि आमच्याकडे रोवणीच्या दिवसांत माणूस शोधून मिळत नाही. तरी त्या दिवशी गावातलं कुणी चिखलात उतरलं नाही. ही गावची रीत आहे. मयत झाली की काम बंद. मी त्या गावची नव्हते, बदलीवर आलेली बाई होते. रीत माझ्यासाठी पाळावी असं काही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दूध आलं.

याबद्दल कुणी फारसं बोलत नाही, म्हणून मी लिहिते. शरीराला बातमी पोचलेली नसते. छाती दगडासारखी होते, ताप चढतो, पदर ओला होतो, आणि घरात पाजायला कुणी नसतं. माझी आई माहेराहून आलेली, पण ती रडण्यापलीकडे काही करू शकत नव्हती. आशाताई त्या दुपारी आल्या. त्यांच्या खांद्याला ती निळी बॅग असायची: थर्मामीटर, बाळाचा झोळीचा वजनकाटा, घड्याळ, साबण, फॉर्म. त्या दिवशी बॅग हलकी दिसली. वजनकाटा त्यांनी घरीच ठेवला होता. त्यांनी हात धुतले, थंड पाण्यात फडकं भिजवून माझ्या छातीवर ठेवलं आणि शिकवावं तसं सांगितलं: फार जड वाटलं तर थोडंसं दाबून काढायचं, पण पुरतं रिकामं करायचं नाही, रिकामं केलं की ते पुन्हा भरतं. दोन-चार दिवसांत उतरेल. मग ताप पाहिला, रक्तस्राव किती होतो, वास येतो का, ओटीपोट दुखतं का, सगळं विचारलं. फॉर्मवर आईचं आणि बाळाचं असे दोन भाग असतात. बाळाचा भाग खाली येईल असा कागद दुमडून त्यांनी माझा भाग भरला.

सातव्या दिवशी आल्या, चौदाव्या दिवशी आल्या. तपासणीला पाच मिनिटं लागायची. बसायच्या तास तास. कधी बोलायच्या, कधी माझ्याच घरचे तांदूळ सुपात घेऊन निवडत बसायच्या. असंच एकदा त्यांनी स्वतःचं सांगितलं. आशा होण्यापूर्वीची गोष्ट. दीड वर्षाचा मुलगा तापानं गेला, ऐन तेंदूच्या हंगामात. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: तेंदूपत्त्याची फळी, म्हणजे पानांची खरेदी, उन्हाळ्यात मोजके दिवस चालते, आणि वर्षभराच्या रोख पैशाचा मोठा वाटा त्या दिवसांत घरात येतो. पहाटे अंधारात जंगलात शिरायचं, ऊन चढेपर्यंत पानं तोडायची, डोक्यावर गठ्ठा घेऊन घरी यायचं. मग म्हाताऱ्यापासून पोरापर्यंत अख्खं घर बसून पुडे बांधतं. एका पुड्यात ७० पानं. संध्याकाळी फळीवर मुन्शीपुढे पुडे मोजून टाकायचे. एक दिवस गेला की तो परत येत नाही. पान जून झालं की कुणी घेत नाही.

तिसऱ्या दिवशी त्या जंगलात गेल्या होत्या. मी विचारलं, कसं जमलं?

"पानं तोडताना रडता येते जी," त्या म्हणाल्या. "कोनी पाहात नाही. पुडे बांधताना नाही येत. सत्तरची मोजनी चुकते."

एवढं बोलून त्या तांदूळ निवडू लागल्या. मला वाटतं, त्या माझ्याकडे का येत होत्या याचं सगळं उत्तर या बोलण्यात आहे. पण हे मी त्यांना कधी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर "ड्युटी आहे ना" म्हणून त्यांनी उडवून लावलं असतं.

दुसरं ऋण गावातल्या बायकांचं. आमच्याकडे रोवणी बहुतेक हुंड्यानं होते: आठ-दहा जणींचा गट एवढ्या बांध्यांचा एवढा हुंडा ठरवून घेतो आणि पैसा सारख्या वाट्यानं वाटून घेतो. नवरा चंद्रपूरला परतला, माझी आई रात्र रात्र जागून आजारी पडली, तेव्हा त्या गटानं आपसांत बारी लावली. रोज एक जण माझ्याकडे. कुणी मला सांगितलं नाही, विचारलंही नाही. सकाळी एक जण यायची, चूल पेटवायची, आईला चहा द्यायची, मला बळंच दोन घास खाऊ घालायची आणि दारात बसून राहायची. शनिवारी संध्याकाळी गटाची वाटणी समोरच्या ओसरीवर झाली. मी आतून ऐकत होते. नोटा मोजणाऱ्या बाईनं हजेरी घेतल्यासारखी नावं घेतली, आणि त्या दिवशी माझ्याकडे बसलेल्या मुलीचं नाव आलं तेव्हा एक नवी आलेली सून म्हणाली, ही तर आज रोवणीला नव्हती. मोजणारी बाई म्हणाली, "मॅडमपासी बसली, थे बी कामावरच होती." आणि तिचा वाटा काढला.

पगारी रजा म्हणजे काय, हे मी नोकरीतल्या नियमावलीत वाचलं होतं. ती चिखलात उभं राहून कमावलेल्या पैशातून दिली जाताना त्या ओसरीवर ऐकली. त्या आठवड्यात त्या गटातल्या प्रत्येकीचा वाटा माझ्यापायी थोडा थोडा कमी झाला. आमच्या घरी सरकारचा पगार येत होता, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे?

आता माझ्या रजेचं. मला राज्य शासनाच्या नियमानं १८० दिवसांची प्रसूती रजा होती. अर्ज आधीच दिलेला. पण बाळ गेल्याचं कळल्यावर एका कार्यालयातून फोन आला. टेबलावरच्या बाबूंचा सूर वाईट नव्हता, अडचणीत सापडलेल्या माणसाचा होता: "मॅडम, आता रजा कमी करून रुजू होणार का? म्हणजे कसं नोंदवू?" मला काही सुचेना. आमचे केंद्रप्रमुख निवृत्तीला आलेले, जुन्या वळणाचे गृहस्थ. शिक्षक त्यांना घाबरत, कारण टाचण वहीत तारीख चुकली तरी ते लाल शाईनं गोल करत. त्यांना कळलं तेव्हा ते स्वतः त्या कार्यालयात गेले आणि म्हणाले, "रजा कशाची आहे? प्रसूतीची. प्रसूती झाली का? झाली. पुढचा प्रश्न नियमात नाही, तुम्हीही विचारू नका." रजा मंजूर झाली. लाल शाईवाल्या माणसाचा नियमांचा सोस त्या दिवशी माझ्या कामी आला. शाळेत माझ्या जोडीदार शिक्षकानं पहिली ते चौथी एकट्यानं सांभाळली. चार वर्गांना एका खोलीत बसवून, एका वर्गाला फळ्यावर गणितं देऊन दुसऱ्याला वाचायला लावत. त्यानं मला एकदाही फोन केला नाही. त्या न आलेल्या फोनचं मोल ज्यानं द्विशिक्षकी शाळा चालवली आहे त्यालाच कळेल.

मला रजा मिळाली ती आई म्हणून नाही, बाळंतीण म्हणून. नवऱ्याला काहीच मिळालं नाही, कारण तो बाळंतीण नव्हता. ठेकेदाराकडे खाडे वाढले की गेटपास जातो. सुपरवायझर म्हणाला, दोन दिवस घे, पुढचं मी सांगू शकत नाही. माणूस म्हणून तो वाईट नसेल. त्याच्यापुढच्या कागदात तशी सोयच नव्हती. तेव्हा नवऱ्याच्या पाळीतल्या मित्रांनी ठरवलं. कुणी पहिली पाळी करून दुसरी केली, कुणी रात्रपाळी करून सकाळची ओढली, आणि त्याची जागा रिकामी दिसू दिली नाही. म्हणून तो माती देऊन लगेच परतला नाही. काही दिवस माझ्याजवळ राहू शकला. पुढे त्यातल्या एकाचे वडील वारले तेव्हा नवऱ्यानं त्याच्या पाळ्या केल्या. ते फेडणं नव्हतं. तिथे असंच चालतं. एकमेकांच्या झोपेतून एकमेकांना रजा देतात.

तो परत कामावर गेला त्या दिवशी यंत्रापाशी त्याला कुणीतरी विचारलं, "काय झालं, पोरगा की पोरगी?" बातमी त्या माणसापर्यंत पोचली नव्हती. नवऱ्यानं सांगितलं, पोरगी. आणि पेढे कधी, या प्रश्नापर्यंत गोष्ट जाऊ नये म्हणून हेल्मेट चढवून तो आत गेला. हे त्यानं मला दोन वर्षांनी सांगितलं.

घरातली मोठी माणसं म्हणत होती, तान्ह्या बाळाचं सूतक नसतं. सोयर चालू असताना सूतक कसलं, असाही वाद झाला. मी पुढे थोडं वाचलं. धर्मशास्त्रात दात न आलेल्या बाळासाठी आप्तांनी स्नान केलं की शुद्धी. वय जितकं थोडं तितकं अशौच थोडं. मुंज झालेल्या मुलासाठी मात्र पूर्ण दहा दिवस. शास्त्राचा हिशेब माझ्या लक्षात येतो. ज्या काळी घरोघर पाळण्यातली मुलं जात होती, त्या काळी दरवेळी दहा दिवस चूल बंद ठेवली असती तर शेतं पडीक राहिली असती. पण त्या हिशेबामुळे आजही लोकांना वाटतं की लहान बाळ गेलं म्हणजे दुःखही लहान. "तरुण आहेस, दुसरं होईल" हे वाक्य मला इतक्या जणींनी ऐकवलं की त्यामागची माया समजूनही माझी मूठ वळायची. आशाताईंनी ते एकदाही म्हटलं नाही.

ज्या भेटींच्या हिशेबात त्यांचे अडीचशे बुडाले, त्या भेटींची कल्पना आमच्याच जिल्ह्यातली. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी 'सर्च' या संस्थेतर्फे १९९० च्या दशकात गडचिरोलीच्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं: बाळाचं वजन कसं घ्यायचं, श्वास कसे मोजायचे, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा, इंजेक्शन कसं द्यायचं. त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये तो निबंध छापून आला. २००१ साली 'कोवळी पानगळ' या अहवालानं दाखवून दिलं की महाराष्ट्रात सरकारी वहीत दिसतात त्याहून कितीतरी अधिक बालमृत्यू होतात. आणि २०११ पासून देशभरातल्या आशा या भेटी घरोघर देऊ लागल्या. किती बाळं त्यानं वाचली असतील! मला त्या कामाविषयी आदरच आहे. आशाताईंच्या बॅगेतला तो झोळीचा काटा त्या परंपरेतला आहे. आमच्या जिल्ह्यानं बाळाचा एकेक दिवस मोजायला देशाला शिकवलं. बाळ गेल्यानंतरचे आईबापांचे दिवस मोजणारं कुणी अजून झालं नाही, एवढंच माझं म्हणणं.

कायद्यात काय आहे ते मी नंतर वर्षानुवर्षं गोळा करत आले. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात गर्भपात झालेल्या स्त्रीला सहा आठवड्यांची पगारी रजा होती, आणि सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आली. चांगली तरतूद आहे. पण ती ज्यांची हजेरी कागदावर आहे त्यांना. रोवणीच्या गटाला, फळीवरच्या बाईला ती कुणी द्यायची? केंद्र सरकारनं २ सप्टेंबर २०२२ रोजी आदेश काढला: मृत बाळ जन्मलं किंवा जन्मानंतर २८ दिवसांच्या आत गेलं, तर केंद्राच्या स्त्री कर्मचाऱ्याला ६० दिवसांची विशेष प्रसूती रजा. तो आदेश मी छापून घेतला आणि पुन्हा पुन्हा वाचला. आईला बसणाऱ्या धक्क्याचा उल्लेख सरकारी भाषेत वाचून मला रडू आलं, हे कबूल करते. मग अटी वाचल्या. दोनपेक्षा कमी हयात मुलं असलेल्या बाईलाच. अधिकृत रुग्णालयात बाळंतपण झालेल्या बाईलाच. म्हणजे जिला दोन आहेत तिचं तिसरं गेलं, तर तिला ती रजा नाही. लोकसंख्येचं धोरण शोकाच्या रजेत कशाला आणायचं, हे मला आजवर कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. आणि बाप त्या आदेशात कुठेच नाही. एकोणतिसाव्या दिवशी गेलेलं बाळ नाही, साप चावून गेलेला आठ वर्षांचा मुलगा नाही, तळ्यात बुडालेली सहावीतली मुलगी नाही.

राज्याच्या रजेच्या नियमांत नैमित्तिक रजा आहे, अर्जित आहे, अर्धपगारी आहे, परावर्तित आहे, असाधारण आहे. २०१८ पासून मुलांच्या संगोपनासाठी रजा आहे, ती अठरा वर्षांखालच्या मुलासाठी घेता येते. मूल आजारी असेल तर घ्या, परीक्षेला बसलं असेल तर घ्या. तेच मूल गेलं की त्या रजेचा आधार संपतो. मग शिल्लक नैमित्तिक रजा मोजायची, नाहीतर ओळखीच्या डॉक्टरांकडून 'विश्रांतीची गरज आहे' असा दाखला आणायचा. मी आता गावात लोकांचे अर्ज लिहून देते, तेव्हा हे नेहमी पाहते. एका बापाचा मुलगा गेला होता. ठेकेदाराच्या छापील फॉर्मवर कारणाच्या पुढे आजार, लग्न, घरगुती असे तीन चौकोन होते. तो मला म्हणाला, "मॅडम, आजार लिहा. घरगुती लिहिलं त पैसे कापते." मी 'मुलगा वारला' असं लिहिलं आणि चौथा चौकोन हातानं काढला. पैसे कापलेच.

जगात कुठे हे झालंच नाही असं नाही. ब्रिटनमध्ये जॅक हर्ड नावाचा दोन वर्षांचाही न झालेला मुलगा २०१० साली तळ्यात बुडून गेला. बापाला तीन दिवसांची रजा मिळाली, त्यातला एक अंत्यविधीत गेला. त्याची आई ल्युसी हर्ड त्यानंतर वर्षानुवर्षं खासदारांच्या मागे लागली. २०१८ साली कायदा झाला, ६ एप्रिल २०२० पासून अंमलात आला: अठरा वर्षांखालचं मूल गेलं, किंवा चोवीस आठवड्यांनंतर मृत बाळ जन्मलं, तर आई आणि बाप दोघांनाही दोन आठवडे रजा. तिथल्या लोकांनी त्याला त्या मुलाचंच नाव दिलं. न्यूझीलंडनं २०२१ साली गर्भपातानंतर आई आणि तिचा जोडीदार दोघांनाही तीन दिवसांची पगारी रजा दिली. तीन दिवस फार नव्हेत. पण तिथे जोडीदार कायद्यात आला.

आपल्याकडे मात्र मला वाट दुसरीकडे दिसते, आणि ती परदेशातून आणायची गरज नाही. आदिवासी भागातल्या नवसंजीवन योजनेत 'बुडीत मजुरी' नावाची तरतूद आहे. लेकरू दवाखान्यात भरती झालं की त्याच्याजवळ बसणाऱ्या आईची किंवा बापाची मजुरी बुडते. ती सरकार भरून देतं. गडचिरोली, मेळघाट, नंदुरबारच्या आरोग्य केंद्रांतल्या बायकांना ही रक्कम ठाऊक असते. ती वेळेवर मिळत नाही हेही ठाऊक असतं. पण तत्त्व मान्य झालेलं आहे: रोजंदारीवरचा माणूस लेकराजवळ बसला तर त्याची चूल विझू नये. हे तत्त्व ज्यांनी कागदावर आणलं ते गावातले असणार. लेकरू खाटेवर आहे तोवर मजुरी मिळते. खाट रिकामी झाली की थांबते, आणि बुडणं थांबत नाही. दुसऱ्या दिवशी फळी असते, रोवणी असते, रोजगार हमीचं काम असतं.

माझ्या ऋणांची फेड होणार नाही, हे मला कळतं. रोवणीच्या गटातल्या दोघी आता नाहीत. केंद्रप्रमुख निवृत्त होऊन गावी गेले. माझी बदली झाली. आशाताई अजून आशाच आहेत. २०२३ च्या ऑक्टोबरात राज्यभरच्या आशा संपावर गेल्या तेव्हा त्याही गेल्या. पुढच्या मार्चमध्ये मानधनात पाच हजारांची वाढ मिळाली तेव्हा त्यांनी मला फोन केला. मी अडीचशे रुपयांचा विषय काढला. त्यांना ते आठवतही नव्हतं, किंवा तसं त्या म्हणाल्या. मी पैसे पाठवू का, असं विचारणं मला शक्य नव्हतं. त्या माणसाचा तो अपमान झाला असता. मला नंतर मुलगा झाला. त्याच्या वेळी त्या सहाही वेळा आल्या, दरवेळी वजनकाटा घेऊन, आणि त्यांचे पैसे निघाले.

म्हणून जे मागायचं ते सगळ्यांसाठी मागते. राज्याच्या रजा नियमांत एक कलम यावं: कोणत्याही वयाचं मूल गेलं तर आई आणि बाप दोघांनाही पगारी रजा, हयात मुलं किती हे न विचारता. ठेकेदारांच्या परवान्याच्या अटींत तेच यावं, म्हणजे सुपरवायझरला 'पुढचं मी सांगू शकत नाही' म्हणायची पाळी येणार नाही. बुडीत मजुरी मूल गेल्यानंतरही निदान चौदा दिवस चालू राहावी, आणि आईच्या भेटींचा आशांचा मोबदला बाळाच्या जगण्यावर टांगून ठेवू नये. यासाठी आमदार, खासदारांना निवेदनं गेली पाहिजेत. शिक्षक संघटनांनी, आशा संघटनांनी, खाण-कारखान्यांतल्या कामगार संघटनांनी मागण्यांच्या यादीत ही एक ओळ घातली पाहिजे. मी आमच्या संघटनेकडे दिली आहे.

कायदा यायला वेळ लागेल. तोवर हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या सहीनं हजेरी लागत असेल, मुख्याध्यापक असोत, मुकादम असोत, दुकानाचे मालक असोत, तर त्या माणसाची दोन आठवड्यांची हजेरी लावा आणि कारणाच्या रकान्यात खरं कारण लिहू द्या. पुरावा हवाच असेल तर ग्रामपंचायतीतून मिळणारा मृत्यूचा दाखला पुरे. डॉक्टरांचं सर्टिफिकेट मागू नका.